चरित्रपटातला चेहरा: साम्य किती असावे आणि कशाचे असावे?

दुसरा अंक

एखाद्या चरित्रपटाची घोषणा झाली की मूळ व्यक्तीचे आणि नटाचे छायाचित्र शेजारी-शेजारी लावून सगळीकडे फिरवले जाते, आणि चित्रपटाचे एकही दृश्य कोणी पाहिलेले नसताना नाक जमले, कपाळ चुकले, उंचीचे तर बोलायलाच नको, असा निकाल लागून जातो. त्या निकालाला माझा आक्षेप आहे, परंतु अभिनय चांगला असला की चेहरा कसाही चालतो, इतका तो सरधोपट नाही. माझे म्हणणे असे की सगळ्या चरित्रपटांना साम्याचे एकच माप लावता येत नाही. प्रेक्षकाच्या मनात त्या व्यक्तीची आठवण तसबिरीतून आलेली आहे, आवाजातून आलेली आहे, की हलत्या-बोलत्या चित्रफितींतून आलेली आहे, हे आधी पाहावे आणि मग नटाकडून काय मागायचे ते ठरवावे.

उदाहरण म्हणून 'अ‍ॅपल' कंपनीचे स्टीव्ह जॉब्झ यांच्यावरचे दोन चित्रपट घेऊ. २०१३ मधल्या चित्रपटात अ‍ॅश्टन कुचर होता आणि तरुण वयातल्या जॉब्झशी त्याचे साम्य खरोखर थक्क करणारे होते. तरीही तो चित्रपट फारसा कोणाला रुचला नाही. २०१५ मध्ये त्याच व्यक्तीच्या भूमिकेत मायकल फासबेंडर आला. त्याचा चेहरा जॉब्झपासून कोसभर दूर होता, आणि तरीही त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पहिला नट जॉब्झसारखा दिसतो आहे एवढेच मला चित्रपटभर जाणवत राहिले, तर दुसऱ्याच्या बाबतीत तो कोणासारखा दिसतो हा प्रश्नच अर्ध्या तासात मागे पडला. असे का व्हावे, यावर सविस्तर मते वाचायला आवडतील. मराठी आणि हिंदी चित्रपटांची उदाहरणे आली तर उत्तमच.

रंगपेटी

रंगभूषेची आवड असल्यामुळे मी थोडी दुसऱ्या बाजूने बोलते. साम्य हे चित्रपटाचे साध्य नसते हे मान्य आहे, परंतु ते प्रवेशद्वार असते. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाने नटाला त्या व्यक्तीच्या नावाने स्वीकारले नाही, तर पुढच्या दोन तासांत नट कितीही जीव तोडून काम करो, प्रेक्षक त्याच्याकडे परीक्षकासारखाच पाहत राहतो.

'बालगंधर्व' (२०११) आठवून पाहा. सुबोध भावे यांना नारायणराव राजहंसांच्या रूपात आणि त्याहीपुढे जाऊन त्यांच्या स्त्रीभूमिकांच्या रूपात उभे करायचे होते. म्हणजे एका पुरुषाला अशा दुसऱ्या पुरुषासारखे दिसायचे होते, ज्याचे स्त्रीरूप महाराष्ट्राने डोक्यावर घेतले होते. विक्रम गायकवाड यांना त्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते तो चित्रपट उभा राहिला त्यात त्यांचा वाटा दिग्दर्शकाच्या खालोखाल होता. शालू नेसलेली ती आकृती पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा ती हास्यास्पद वाटली असती, तर पुढचे सगळे नाट्य तिथेच कोसळले असते.

पाश्चात्त्य उदाहरण हवे असेल तर 'डार्केस्ट अवर' (२०१७) पाहावा. गॅरी ओल्डमन हा अंगाने सडपातळ नट, आणि त्याला विन्स्टन चर्चिल करायचे होते. त्याने चित्रपटसृष्टी सोडून शिल्पकलेकडे वळलेल्या काझुहिरो त्सुजी यांना आग्रहाने परत बोलावले. ओल्डमनला अभिनयाचे आणि त्सुजी व त्यांच्या सहकाऱ्यांना रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. कृत्रिम त्वचेचे इतके थर चढवूनही डोळे मात्र नटाचेच राहतात, आणि म्हणून डोळ्यांच्या भोवतीची जागा शक्य तितकी मोकळी ठेवणे हे या कामातले खरे कौशल्य असते. साम्य म्हणजे केवळ बाह्य गोष्ट, असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

ओवी

रंगपेटी, आपले प्रवेशद्वाराचे म्हणणे पटले, परंतु जिथे मूळ चेहरा कोणालाच ठाऊक नाही तिथे त्या दारावर पहारा कोणी करायचा? संत तुकारामांचा चेहरा कोणी पाहिला आहे? प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीसांना उभे केले. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले होते, म्हणजे आजच्या चाहत्यांच्या भाषेत सांगायचे तर त्यांची प्रतिमा या भूमिकेच्या अगदी विरुद्ध होती. आजचा काळ असता तर घोषणेच्या दिवशीच त्यांची पुरेशी टिंगल झाली असती.

घडले ते असे की पागनीसांचा चेहरा हाच पुढे अनेकांसाठी तुकारामांचा चेहरा झाला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्या चित्रपटाची जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणना झाली हे आपण अभिमानाने सांगतो, परंतु मला त्यापेक्षा मोठी गोष्ट ही वाटते की एका नटाने एका संताला चेहरा दिला. इथे साम्याची दिशाच उलटी आहे. नटाने व्यक्तीसारखे दिसण्याऐवजी व्यक्ती नटासारखी दिसू लागली. त्या चित्रपटातले पागनीस भजन म्हणताना पाहिले की जाणवते की ते गाण्याचा अभिनय करीत नाहीत, ते गात आहेत, आणि त्या तल्लीनतेपुढे नाकाच्या ठेवणीचा विचार मनात येत नाही. गौरी यांची आवलीही तशीच. तिच्या कर्कशपणाखालची माया एकदा पाहिली की दुसरी आवली डोळ्यांपुढे येतच नाही.

शिवाजी महाराजांच्या भूमिकेचे थोडे निराळे आहे, कारण त्यांची जुनी चित्रे उपलब्ध आहेत आणि ती पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या मनावर ठसलेली आहेत. तरीसुद्धा एका पिढीसाठी महाराज म्हणजे भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले चंद्रकांत मांढरे होते, दुसऱ्या पिढीसाठी मालिकेतले अमोल कोल्हे, आणि आत्ताच्या मुलांसाठी 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' यांतले चिन्मय मांडलेकर. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी महाराज साकारले होते, हे तर अनेकांच्या स्मरणातही नसते. या चार नटांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, तरी चारही जणांना लोकांनी स्वीकारले. दाढी, जिरेटोप आणि नजर जुळली की बाकीचे काम प्रेक्षकाची श्रद्धा करते.

तिकीटबारी

चर्चा फार उंचावर चालली आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भूमिकेसाठी कोणाला घ्यायचे हे बहुतेक वेळा साम्यावरही ठरत नाही आणि अभिनयावरही ठरत नाही. कोणाच्या नावावर पैसा उभा राहतो आणि पहिल्या शुक्रवारी कोणाच्या नावावर लोक येतात, यावर ते ठरते. साम्याची सगळी चर्चा नंतर, प्रसिद्धीच्या वेळी सुरू होते. त्यामुळे नटाच्या नाकावर राग काढण्यात अर्थ नाही.

उत्तररात्र

तिकीटबारी यांचे म्हणणे खरे असले तरी त्यातून एक अन्याय सुटून जातो. 'मेरी कोम' (२०१४) मध्ये प्रियांका चोप्रा यांनी मेहनत केली होती, यात शंका नाही. परंतु मणिपूरच्या मुष्टियोद्धीची भूमिका ईशान्येकडच्या एखाद्या अभिनेत्रीला का मिळू नये, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. तिथे आक्षेप चेहरा जुळत नाही एवढाच नव्हता. ज्या चेहऱ्यांना हिंदी चित्रपट एरवी प्रमुख भूमिका देत नाही, त्यांच्यापैकीच एकीच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, आणि तेव्हाही ती संधी त्यांच्याकडे गेली नाही, हा तो आक्षेप होता. त्यामुळे साम्याची मागणी करणारा प्रत्येक प्रेक्षक उथळ असतो असे कृपया समजू नये. कधीकधी त्या मागणीच्या आड प्रतिनिधित्वाची मागणी असते.

षड्ज

धागा काढणाऱ्यांनी आवाजाचा उल्लेख केला आणि तो पुढे कोणी उचलला नाही, म्हणून लिहितो. संगीतातल्या माणसांवरचे चित्रपट हे चेहऱ्यापेक्षा गळ्याच्या निवडीवर तरतात किंवा बुडतात. 'बालगंधर्व'मध्ये रूप सुबोध भावे यांचे आणि गळा आनंद भाटे यांचा होता, आणि भाट्यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगपेटी यांनी रंगभूषेला दिग्दर्शकाच्या खालोखाल स्थान दिले. मी तिथे, त्यांची क्षमा मागून, भाट्यांना बसवीन.

'मी वसंतराव' (२०२२) मध्ये तर राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली. नातू असल्यामुळे चेहऱ्याचे थोडेफार साम्य आयतेच लाभले असेल, परंतु मला त्यातले मोल निराळे वाटते. गाताना चेहऱ्यावर येणारा ताण, तान घेताना खांद्याला बसणारा हिसका, सम गाठल्यावर क्षणभर येणारी शांतता, हे सगळे पडद्यावर खरे दिसते, कारण तिथे गाणारा आणि दिसणारा माणूस एकच आहे. अभिनेता म्हणून ते काही प्रसंगांत कमी पडतात असे माझे प्रामाणिक मत आहे, तरी गाण्याच्या प्रसंगांत त्यांच्या जागी कसलेल्या नटाची कल्पनाही करवत नाही. त्या चित्रपटासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच्या उलट 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८). तिथे रॅमी मॅलेक याच्या तोंडी आलेले गाणे हे 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे, मार्क मार्टेल नावाच्या गायकाच्या आवाजाचे आणि थोडे मॅलेकच्या आवाजाचे मिश्रण होते. तरीही फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही, कारण मॅलेकने जे उचलले ते त्या माणसाचे रंगमंचावरचे वावरणे होते. चेहऱ्याने तो तितकासा जुळत नव्हताच, कृत्रिम दातही पहिली काही मिनिटे डोळ्यांना टोचतात.

आणि सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे पु. ल. देशपांडे. त्यांना ऐकत मोठी झालेली कित्येक घरे आहेत. कोणत्या वाक्यानंतर किती थांबायचे, हे त्या श्रोत्यांना तोंडपाठ आहे. 'भाई: व्यक्ती की वल्ली' (२०१९) मध्ये सागर देशमुख यांच्या दिसण्याबद्दल फारशी तक्रार ऐकू आली नाही, परंतु ते बोलू लागले की मनातली ध्वनिफीत आपोआप शेजारी सुरू होत असे. हा त्या नटाचा दोष मानू नये. इतक्या ऐकलेल्या माणसाची भूमिका म्हणजे प्रत्येक वाक्याला परीक्षा.

दुसरा अंक

षड्ज यांच्या लिखाणामुळे माझ्या मनातला मुद्दा नेमका झाला. जॉब्झवरच्या दोन चित्रपटांकडे या दृष्टीने पुन्हा पाहतो.

कुचरचा चित्रपट २००१ मध्ये जॉब्झने आयपॉड पहिल्यांदा लोकांपुढे मांडला त्या प्रसंगाने सुरू होतो. म्हणजे पहिल्याच दृश्यात प्रेक्षकाला अशा जागी नेले आहे जिथला खरा माणूस तो चित्रफितींतून ओळखतो, आणि तुलना सुरू होते. कुचरने जॉब्झची पुढे झुकून चालण्याची ढबसुद्धा आत्मसात केली होती, पण त्यामुळे तुलना थांबण्याऐवजी अधिकच बारीक होत गेली. फासबेंडरच्या चित्रपटाचे लेखक अ‍ॅरन सॉर्किन यांनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांच्या कथेचे तीन भाग १९८४, १९८८ आणि १९९८ मधल्या तीन उत्पादन-प्रदर्शनांच्या आधी, रंगमंचामागे घडतात. जॉब्झ लोकांसमोर जायला निघतो आणि तो भाग तिथे संपतो. जे आपण पाहिलेले आहे ते दाखवायचेच नाही, आणि जे कोणीच पाहिलेले नाही तेवढेच दाखवायचे, अशी ती रचना आहे. पाहिलेलेच नाही म्हटल्यावर तुलना कशाशी करणार?

तेव्हा माझे म्हणणे आता असे मांडतो की साम्य व्यक्तीच्या हिशेबाने मागू नये, प्रसंगाच्या हिशेबाने मागावे. प्रेक्षकाने पाहिलेला प्रसंग पुन्हा उभा करायचा असेल तर नटाकडून हालचालीचे, लयीचे, उभे राहण्याचे काटेकोर साम्य मागावे, आणि मॅलेकने १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमाच्या दृश्यात ते दिले. न पाहिलेल्या प्रसंगात ते मागणे व्यर्थ आहे.

'८३' या चित्रपटात तर ही दोन्ही टोके एकत्र सापडतात. अंतिम सामन्यात कपिल देव यांनी मागे धावत जाऊन घेतलेला व्हिव्हियन रिचर्ड्सचा झेल क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाने अनेकदा पाहिलेला आहे. तिथे रणवीर सिंह यांच्या धावण्याकडे आपण पंचाच्या नजरेने पाहतो. परंतु झिम्बाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्स येथे १८ जून १९८३ रोजी काढलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रीकरण अस्तित्वातच नाही. तो डाव आजवर केवळ धावफलकातून आणि आठवणींतून ऐकलेला होता. चित्रपटातला तो भाग मला सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत थरारक वाटला, कारण मनात त्याची दुसरी कोणतीही प्रत नव्हती.

रंगपेटी

प्रसंगाच्या हिशेबाने साम्य, ही कल्पना आवडली, परंतु ती चित्रीकरणाच्या व्यवहारात बसत नाही. रंगभूषा प्रसंगानुसार कमी-जास्त करता येत नाही. एकाच चित्रपटात पाहिलेल्या प्रसंगांत हुबेहूब आणि न पाहिलेल्या प्रसंगांत सैल चेहरा ठेवला, तर तो मनुष्य दर दृश्याला बदलतो आहे असे दिसेल.

नांदी

चेहरा सैल ठेवण्याची एवढी धास्ती का वाटावी, हे मला कळत नाही. आपल्या चित्रपटसृष्टीची सुरुवातच मुळी या बाबतीतल्या सर्वांत मोठ्या सवलतीने झाली आहे. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी तारामतीची भूमिका करायला एकही स्त्री मिळेना, तेव्हा त्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले. त्याच साळुंक्यांनी 'लंका दहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हे चरित्रपट नव्हेत हे मला ठाऊक आहे, परंतु राम आणि सीता यांच्याबद्दल प्रेक्षकांच्या मनात प्रतिमा नव्हती असे कोण म्हणेल? फाळक्यांच्या या सगळ्या खटाटोपावर परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला, तेव्हा नंदू माधव हे फाळक्यांसारखे दिसतात की नाही, हे मी चित्रपट संपेपर्यंत तपासलेसुद्धा नाही, कारण त्यांच्यातला तो लहान मुलासारखा उत्साह पाहण्यातच वेळ गेला.

२००७ मध्ये टॉड हेन्झ यांनी बॉब डिलनवर काढलेल्या चित्रपटात सहा नटांनी डिलनची निरनिराळी रूपे साकारली, आणि त्यांतल्या केट ब्लँचेट या अभिनेत्रीला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरुष गायकाची भूमिका स्त्रीने केली आणि ती सहांपैकी सर्वांत डिलनसारखी वाटली, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? रंगभूमीवर काळी टोपी घातली की मास्तर आणि काठी घेतली की आजोबा, हा करार प्रेक्षक आनंदाने पाळतो. पडद्यावर मात्र तोच प्रेक्षक सावकारासारखा हिशेब मागू लागतो.

उत्तररात्र

कॅमेरा जवळ जातो म्हणून हिशेब मागतो. रंगभूमीवर विसाव्या रांगेतून कोणाला नाक मोजता येते?

ओवी

गांधीजींचे उदाहरण अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण एकाच व्यक्तीची इतक्या नटांनी केलेली आणि इतकी वाखाणली गेलेली भूमिका दुसरी क्वचितच असेल. रिचर्ड अटेनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) मध्ये बेन किंग्जली होते. त्यांचे वडील गुजराती वंशाचे आणि त्यांचे मूळ नाव कृष्णा भानजी, ही माहिती आता सर्वांना असते. परंतु त्या वेळी ते मुख्यतः इंग्लंडच्या रंगभूमीवरचे नट होते, चित्रपटाच्या प्रेक्षकाला त्यांचा चेहरा जवळजवळ कोरा होता, आणि माझ्या मते ऑस्करपर्यंतच्या त्यांच्या प्रवासात या कोरेपणाचा मोठा हात आहे. कस्तुरबांच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी होत्या आणि त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

त्यानंतर श्याम बेनेगलांच्या चित्रपटात रजित कपूर यांनी दक्षिण आफ्रिकेतले तरुण गांधी केले. त्या वयातल्या गांधींची लोकांना फारशी ओळख नसल्यामुळे त्यांना किंग्जलीपेक्षा मोकळीक होती, आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात मोहन गोखले गांधी होते. तिथे गांधी हे नायकाचे विरोधक म्हणून येतात, त्यामुळे नेहमीचे मंद हसणारे महात्मा तिथे दाखवून चालणार नव्हते, आणि गोखल्यांनी त्या व्यक्तिरेखेला एक धूर्त, वाटाघाटी करणारी धार दिली. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मध्ये दिलीप प्रभावळकर आणि 'गांधी, माय फादर' (२००७) मध्ये दर्शन जरीवाला यांनी गांधी केले आणि दोघांनाही सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रभावळकरांची निवड मला सर्वांत चतुर वाटते. तो गांधी खरा गांधी नाहीच, तो मुन्नाच्या डोक्यात तयार झालेला गांधी आहे. मुन्नाला जेवढे ठाऊक तेवढेच त्या गांधीला ठाऊक, हे तर कथेतच उघड होते. अशा गांधीने छायाचित्रातल्या गांधीसारखे तंतोतंत दिसणे उलट चुकीचे ठरले असते. चिमणरावापासून हसवाफसवीपर्यंत आपण ज्यांना ओळखतो त्या प्रभावळकरांच्या डोळ्यांतला मिस्कीलपणा त्या गांधीत थोडा शिल्लक राहिला आहे, आणि तो मुन्नाच्या गांधीला शोभतो.

तिकीटबारी

ओवी यांनी कोऱ्या चेहऱ्याचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा आहे. आपण मूळ व्यक्तीच्या आठवणीबद्दलच बोलत होतो, नटाच्या आठवणीबद्दल कोणी बोलत नव्हते. समृद्धी पोरे यांच्या चित्रपटात (२०१४) डॉ. प्रकाश आमटे यांची भूमिका नाना पाटेकर यांनी केली. आमटे हयात, मितभाषी, शांत, आणि नानांचा चेहरा म्हणजे प्रेक्षकाच्या मनात संतापाचा ज्वालामुखी. पहिला अर्धा तास मी नाना कधी भडकतात याची वाट पाहत होतो. ते भडकले नाहीत, आणि हळूहळू तो दाबलेला जोरच त्या भूमिकेचा आधार वाटू लागला. तरी तो अर्धा तास वाया गेला तो गेलाच.

दुसरा अंक

याच कारणाने मला 'पान सिंग तोमर' (२०१२) हा या प्रकारातला फार भाग्यवान चित्रपट वाटतो. इरफान खान प्रसिद्ध होते, परंतु पान सिंग यांचा चेहरा बहुसंख्य प्रेक्षकांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे इरफान जसे धावतील तसेच पान सिंग धावत असणार, असे आपण सहज धरून चाललो. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात उलट स्थिती होती. बाबासाहेबांचा चेहरा घराघरांत पूजला जाणारा, पण मराठी प्रेक्षकांपैकी कितीजणांनी मामुट्टी यांचे मल्याळम चित्रपट पाहिलेले होते? आपल्यापुरता तो नट बराचसा कोरा होता, आणि त्या कोऱ्या पाटीवर बाबासाहेब उमटले. त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे, मूळ चेहरा आणि नटाचा चेहरा, यांपैकी एक तरी पाटी कोरी असली की काम सोपे होते. दोन्ही भरलेल्या असल्या की प्रकाश आमटे आणि नाना यांच्यासारखी झटापट होते.

सुबोध भावे यांच्याकडे या दृष्टीने पाहणे मजेचे आहे. बालगंधर्व, लोकमान्य टिळक आणि काशिनाथ घाणेकर या तिन्ही भूमिका सात-आठ वर्षांच्या अंतरात त्यांनी केल्या. बालगंधर्वांच्या वेळी त्यांची पाटी बरीच कोरी होती, घाणेकरांच्या वेळी ती दोनदा लिहून झालेली होती. अनेकांना घाणेकर सर्वांत आवडतो. मलाही तो आवडतो, परंतु त्यात बेफाम रंगेलपणा साकारताना नट आपली आधीची सोज्ज्वळ प्रतिमा पुसण्याची अधिक मेहनत घेताना दिसतो, असे माझे मत आहे.

षड्ज

घाणेकरांच्या चित्रपटात माझ्या मते खरी कसोटी सुमीत राघवन यांची होती. डॉ. श्रीराम लागू तेव्हा हयात होते आणि त्यांचा आवाज, शब्द सावकाश तोलून टाकण्याची पद्धत, सर्वांच्या कानांत होती. राघवन यांनी नक्कल केली नाही. त्यांनी लागूंचा ठेहराव तेवढा घेतला आणि आवाज आपला ठेवला. नक्कल करणाऱ्याने सगळे घेतले असते. ते काय घ्यायचे नाही हे ठरवून उभे राहिले.

रंगपेटी

ठेहराव घेतला हे खरे, पण चष्मा, केसांची ठेवण आणि ओठांची मिटणूकही घेतली होती, हे कृपया विसरू नये. रंगभूषा उत्तम झाली की तिचे श्रेय अभिनयाच्या खात्यात जमा होते, ही आमची जुनी तक्रार आहे. 'धर्मवीर' (२०२२) मध्ये आनंद दिघे यांच्या रूपातली प्रसाद ओक यांची पहिली झलक आली तेव्हा मात्र चित्रपटाआधी रूपाचीच चर्चा झाली, आणि ती रास्त होती.

साम्याच्या हट्टाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'माएस्ट्रो' (२०२३) मध्ये ब्रॅडली कूपरने संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासारखे दिसण्यासाठी कृत्रिम नाक लावले, तेव्हा ते ज्यू लोकांच्या जुन्या कुचेष्टेची आठवण करून देणारे आहे, अशी टीका झाली. शेवटी बर्नस्टाइन यांच्या मुलांना कूपरची बाजू घेऊन निवेदन काढावे लागले. साम्य कमी पडले तर बोल लागतो आणि साम्यासाठी धडपडले तरी बोल लागतो. ऑलिव्हर स्टोन यांच्या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची भूमिका केली, तेव्हा साम्याचा फार हट्ट धरला गेला नव्हता, आणि नामांकन तरीही मिळाले. रंगभूषेवर प्रेम असूनही मला ते काम आवडते, हे नोंदवून ठेवते.

नांदी

मग एक प्रश्न विचारते. उद्या स्मिता पाटील यांच्यावर चित्रपट काढायचा ठरला तर काय कराल? 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तिथे तसबीर, आवाज आणि हालचाल या तिन्ही पाट्या काठोकाठ भरलेल्या आहेत.

दुसरा अंक

मी त्यांच्यासारखी दिसणारी अभिनेत्री शोधणार नाही, कारण ते डोळे दुसरीकडे सापडणार नाहीत आणि सापडल्याचा भास झाला तर तो अधिक त्रासदायक ठरेल. त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांतले एकही दृश्य पुन्हा चित्रित करणार नाही, गरज पडल्यास मूळ चित्रफीतच दाखवेन. कथा दूरदर्शनवर बातम्या वाचण्याच्या आधीच्या वर्षांत आणि नंतर चित्रीकरणांच्या मधल्या वेळांत ठेवेन. आणि निवडीच्या वेळी इच्छुक अभिनेत्रींची पहिली चाचणी कॅमेऱ्याकडे पाठ करून घेईन. खोलीत आल्या, पिशवी ठेवली, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, एवढेच. ज्यांच्या पाठीकडे पाहून मागे वळण्याची उत्सुकता वाटेल, त्यांनाच संवाद वाचायला देईन.

रंगपेटी

चाचणीची कल्पना मान्य आहे, एका अटीवर. त्या दिवशी केसांचा टोप तयार असला पाहिजे, कारण पाठीमागून पाहताना अंबाडा आणि मानेवरची केसांची रेषा एवढेच दिसते, आणि तिथे चूक झाली तर पाठ करून उभ्या राहिलेल्या अभिनेत्रीची काहीही चूक नसताना ती बाद होईल.